गेटवरचा लायटर

आमच्या कंपनीच्या गेटवर, सिक्युरिटीच्या टेबलामागे, एक लाकडी मांडणी आहे. तिला बारीक बारीक खण आणि प्रत्येक खणावर एकेकाचा टोकन नंबर. आत सॉल्व्हंटच्या टाक्या आहेत, त्यामुळे काडीपेटी, लायटर, मोबाईल हे सगळं गेटवर जमा करायचं आणि सुटताना परत घ्यायचं. पेणहून रोह्याला कंपनीच्या बसने ये-जा करत मी सव्वीस वर्षं माझ्या खणात लायटर ठेवत आलो. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा, काही विचार न करता. कोण किती ओढतो, कोणी सोडली, कोणी परत धरली, हे घरच्यांच्या आधी सिक्युरिटीवाल्याला कळतं ते या मांडणीमुळे. इतकं साधं लाकूडकाम, पण त्याने माझी जी अब्रू काढली ती अजून भरून आलेली नाही.

माझा रिलिव्हर वरसे गावात राहतो. रिलिव्हर म्हणजे माझ्यानंतरच्या शिफ्टला माझ्याच जागी येणारा माणूस. तो आल्याशिवाय मला कंट्रोल रूममधलं पॅनल सोडता येत नाही, मग तीन वाजोत की पाच. अठरा वर्षं तो मला असा सोडवतो आहे. कपडे बदलायच्या खोलीत आम्हा दोघांना मिळून एकच कपाट आहे. भेट रोजची पंधरा मिनिटांची. टेंपरेचर किती, प्रेशर किती, कुठला पंप कुरकुरतोय एवढं सांगायचं आणि एकाने निघायचं, दुसऱ्याने बसायचं. तरी सख्ख्या भावाच्या घरात काय शिजतं ते मला ठाऊक नसेल, याच्या घरातलं ठाऊक असतं.

तो विडीवाला आणि मी सिगारेटवाला. वर्षातून एकदा प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हा आम्ही दोघे एकाच वेळी कामावर असायचो आणि गेटबाहेरच्या टपरीवर उभे राहून इतकं ओढायचो की टपरीवाला म्हणायचा, तुमच्यामुळे माझ्या दुधाला धुराचा वास येतो.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. सेफ्टी शूज चावला असेल म्हणून तो महिनाभर हळद लावत बसला. आमच्याकडे पायाला काहीही झालं की पहिला संशय सेफ्टी शूजवर जातो. पनवेलच्या डॉक्टरने बघितलं तेव्हा अंगठा काढण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. विडीने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडत चालल्या आहेत, असं डॉक्टरने सांगितलं. यापुढे एकही विडी ओढलीत तर पाऊल जाईल, मग घोटा, मग गुडघ्यापर्यंत जावं लागेल. डॉक्टरने हे भाजीवाल्याने भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं, म्हणून ते जास्त खरं वाटलं.

विडी सोडायचा प्रयत्न त्याने आधी चारदा केला होता. चारही वेळा आठवड्याच्या आत तो परत टपरीवर हजर. कारण दरवेळी तेच, समोरचा ओढत होता. तो समोरचा दोनदा मी होतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची बायको मला म्हणाली, "भावजी, यांच्याच्यानं एकट्यानं व्हायाचं नाय. तुमी सोडलीत तं हे सोडतील."

मी हो म्हणालो. आत एका माणसाचा अंगठा कापलेला आहे आणि समोर त्याची बायको डबा घेऊन उभी आहे, अशा वेळी नाही कोण म्हणेल? पण खरं सांगायचं तर मला सिगारेट सोडायची नव्हती. माझे पाय ठणठणीत होते. पन्नाशी उलटलेल्या, पहाटे पाचला उठून खड्ड्यांतून बसमध्ये आदळत जाणाऱ्या माणसाला दिवसातून चार गोष्टी स्वतःच्या म्हणाव्यात अशा असतात, त्यांतली ती एक होती. शेजारी बुडणाऱ्याला हात द्यायला मी पाण्यात उतरलो, पण मला पोहायची हौस नव्हती.

तो कामावर परत आला त्या दिवसापासून आम्ही सोडली. सिक्युरिटीवाल्याला इतका आनंद झाला की त्याने आम्हा दोघांच्या खणांवर चिकटपट्टी मारली आणि तीवर पेनाने लिहिलं, 'कायमचे बंद'. येणारा-जाणारा वाचायचा. बसमध्ये तर आम्ही नवरदेव झालो. कोणी बडीशेप द्यायचा, कोणी लवंग. ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही ते सल्ले द्यायचे आणि जे रोज पाकीट संपवतात ते आमची पाठ थोपटायचे. मी पेणहून त्याच्यासाठी पोह्याच्या पापडाच्या लाट्या न्यायचो. तो पिठाचा तिखट गोळा गालात धरून ठेवला की तल्लफ थोडी मागे हटते, असा त्याचा शोध होता. पॅनलवर बसून तो दिवसभर गाल फुगवून असायचा.

चार्ज देता-घेताना त्याने एक नवीन प्रश्न सुरू केला. टेंपरेचर झालं, प्रेशर झालं की तो विचारायचा, "आन धूर?"

मी म्हणायचो, "निरंक."

मग मी विचारायचो आणि तोही म्हणायचा, "निरंक." आणि दोघे हसायचो. रजिस्टरमध्ये असं काही लिहायचं नसतं, पण आमच्या लेखी ते सगळ्यात महत्त्वाचं रीडिंग होतं.

अठरा दिवस मी खरं बोललो.

एकोणिसाव्या दिवशी पेणच्या नाक्यावर बसची वाट बघत उभा होतो आणि एक ओढली. काय झालं होतं म्हणाल तर काही झालं नव्हतं. भांडण नाही, आजारपण नाही, वाईट बातमी नाही. मला थकल्यासारखं वाटत होतं आणि समोर टपरी उघडी होती. झुरका आत गेला तेव्हा जे बरं वाटलं त्याची मला आजही लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. त्या दिवशी दुपारी त्याने विचारलं, "आन धूर?" आणि मी म्हणालो, "निरंक."

पुढे ते अंगवळणी पडलं. नाक्यावरच्या एका कायम बंद असलेल्या दुकानाच्या शटरमागे मी लायटर आणि पाकीट ठेवायला लागलो. सकाळी एक, संध्याकाळी उतरल्यावर एक, सुट्टीच्या दिवशी हवी तितकी. बसमध्ये चढायच्या आधी तोंडात वेलची आणि हाताला साबणाचा कागद चोळायचा. कॉलेजातल्या पोराने करावे असले उद्योग मी केस पांढरे झाल्यावर केले.

मनाची समजूत घालायला माझ्याकडे फार चांगलं कारण होतं. मी खरं सांगितलं तर तो परत ओढणार, आणि त्याने ओढली तर पाय जाणार. म्हणजे माझं खोटं हे त्याचं औषध. मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं की काही दिवसांनी मला माझंच कौतुक वाटायला लागलं होतं.

त्याचे हाल मात्र बघवत नव्हते. चिडचिड करायचा, घाम यायचा, पॅनलवर बोटं वाजवत बसायचा. एकदा दुपारी तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. आदल्या दिवशी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात कोणाच्या तरी हळदीला गेला होता. तिथे एकाने विडी पेटवून त्याच्या बोटांत दिली.

"हातात धरली होती रे," तो म्हणाला. "तोंडापत्तर नेली. आन तुजं थोबाड आलं समोर. म्हटलं, हा तिथं पेणला कळ काढतोय आन आपुन हितं फुकायची? टाकली."

मी मान हलवली. "शाबास," म्हणालो. आदल्या दिवशी माझी सुट्टी होती आणि मी सहा ओढल्या होत्या.

असे तीन महिने गेले आणि वर काही दिवस. थंडी पडली, भात कापून झालेल्या शेतांत वाल वर आले होते. एका सकाळी मी नाक्यावर नुकती पेटवली आणि बस नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी समोर येऊन उभी राहिली. सिगारेट पायाखाली टाकली, वेलची तोंडात टाकली आणि पळत चढलो. कोलाड मागे पडल्यावर खिशात हात गेला. लायटर खिशातच होता.

तेवढ्यात खिडकीतून फेकून द्यायचा ना, असं आता मला सगळे म्हणतात. मीही म्हणतो. पण बाजूला एक जण, पुढे दोन, सगळे मला शाबासकी देणारे. खिशातून लायटर काढून बाहेर फेकणारा माणूस कोणाच्या नजरेतून सुटेल? म्हटलं, गेटवर बघू.

गेटवर रांग होती. सिक्युरिटीवाला एकेकाचे खिसे चाचपत होता. माझा नंबर आला. "चुकून राहिला खिशात," एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण मागे मांडणीवर ती चिकटपट्टी दिसत होती आणि ते बोलल्यावर दुपारपर्यंत सगळ्या कंपनीला कळलं असतं. आणि त्यालाही. सिक्युरिटीवाल्याने मला हात लावला नाही. हसला आणि म्हणाला, "तुम्हाला काय तपासायचं? तुम्ही तर सुटलात." आणि मला पुढे ढकललं.

जिथे साधी ठिणगी उडाली तर शंभर माणसांचा कोळसा होईल, तिथे मी सव्वीस वर्षं काम केलेला माणूस लायटर घेऊन आत गेलो. नवीन लागलेल्या पोरांना आगीचे धडे मी देतो. खोटं टिकवण्यासाठी माणूस कुठवर जातो याचा मला तोवर अंदाज नव्हता.

कपडे बदलले, पँट कपाटात टांगली, लायटर तिच्या खिशात. आठ तास मी पॅनलसमोर बसलो होतो, पण डोळ्यांपुढे ते कपाटच होतं. एकही रीडिंग नीट घेतलं असेल तर शपथ. पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही. आपण सुटून निघालो की लायटर कुंडलिका नदीत फेकायचा, आजपासून खरंच सोडायची, असं मनाशी शंभरदा म्हटलं. कपाट दोघांचं आहे, हे मला अडीच वाजता आठवलं.

तो नेहमी अडीचला येतो. त्या दिवशी पावणेतीनला आला. लंगडत आत आला, खुर्ची ओढली. मी टेंपरेचर सांगितलं, प्रेशर सांगितलं, पंपाचं सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं, सही केली. धुराचं विचारलं नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो, पण त्याने पॅनलवरून नजर काढली नाही.

कपाटात माझी पँट दुसऱ्या खुंटीवर सरकवलेली होती आणि तिचा खिसा रिकामा होता.

गेटवर सिक्युरिटीवाला तोंड पाडून बसला होता. मला म्हणाला, "तुमचा दोस्त गेला की हो परत. कपडे बदलायला आत गेला आणि माघारी आला. लायटर जमा केला. चुकून खिशात राहिला म्हणाला. वर कळवावं लागलं मला, काय करणार." मांडणीवर त्याच्या खणावरची चिकटपट्टी अर्धवट फाटलेली होती आणि आत माझा निळा लायटर होता. माझ्या खणावर अजून 'कायमचे बंद'च होतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. बसमध्ये सगळी चर्चा त्याचीच. "सांगत होतो, याच्याच्याने नाय होणार." "आता पाय गेला समजा." "बायकोचा तरी विचार करायचा." आणि मधूनच कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणायचा, "तुमची मात्र कमाल हाय." पेण येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. इतका थकवा मला कधी डबल शिफ्ट करूनही आला नाही. नाक्यावर उतरलो आणि शटरमागचं पाकीट काढून एकामागून एक दोन ओढल्या. हेही सांगून टाकतो, कारण आता लपवून काय करायचंय.

दुसऱ्या दिवशी त्याला लेखी मेमो मिळाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. गावातल्याच कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं.

"भावजी, मला खरं सांगा," ती म्हणाली. "हे ओढतात का? मी इचारलं तं काय बोलत नाय. नाय पन म्हनत नाय आन व्हय पन म्हनत नाय. दोन दिस मी जेवले नाय."

"मी येतो," म्हणालो. माझी साप्ताहिक सुट्टी होती. दिवा-रोहा मेमू गाडी पकडली आणि रोह्याहून रिक्षाने वरसेला गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो, पण एकही धड जमलं नाही.

ती पडवीत बसून मोड आलेले वाल सोलत होती. शेजारी पाण्याचं पातेलं, त्यात भिजलेली सालं. तो खुर्चीत, डावा पाय स्टुलावर ठेवून. दुपारच्या शिफ्टला अजून वेळ होता. मला बघून म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी कशाला आलास? सगळं मिटलं हाय."

मी उभ्या उभ्याच बोललो. "वहिनी, तो लायटर माझा होता. याने माझी नोकरी वाचवायला स्वतःच्या नावावर घेतला. याने ओढलेली नाही."

तिने डोळे मिटले. हातातला वाल पातेल्यात पडला. तिथेच थांबलो असतो तर मी जवळजवळ भला माणूस ठरलो असतो. तो म्हणालासुद्धा, "जाऊ दे गो. तीन महिन्यांत एकदा घसरला बिचारा. मानूस हाय."

"एकदा नाही," मी म्हणालो.

"मंग?"

"एकोणिसाव्या दिवसापासून. रोज."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हळदीच्या दिवशी?"

"सहा."

शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "सगळे दिस मी तुज्या जोरावर काढले. आन तुजा जोर नव्हताच." आवाज चढलेला नव्हता. दमलेल्या माणसाचा होता. त्याने पाय स्टुलावरून खाली घेतला आणि बायकोला विचारलं, "माजी चप्पल कुठं हाय गो?"

त्याच्या घरापासून वीस पावलांवर कोपऱ्यावर दुकान आहे. तिथे काय मिळतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्याने चप्पल शोधली, उजवी घातली, डावी घालायला भिंतीला हात टेकला. मला त्याला अडवायचं होतं. पण कोणत्या तोंडाने अडवणार? त्याला अडवण्याचा हक्क मी नाक्यावर, शटरमागे, रोज दोनदा जाळून टाकला होता. मी खांबाला धरून उभा राहिलो आणि मला त्याचं पाऊल दिसत होतं. अंगठ्याच्या जागी गुळगुळीत गुलाबी कातडी आली होती. बाकीची चार बोटं शाबूत होती.

वहिनी उठल्या नाहीत. हात पाण्यातच होते. म्हणाल्या, "जावा. मी आडवायची नाय. पन येक सांगते. भावजी म्हनतात तसं आसंल तं या तीन महिन्यांत तुमच्या संगती कोनीच नव्हतं. सगळं तुमी एकट्यानंच केलंत."

तो भिंतीला हात टेकून उभा राहिला, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग त्याने उजव्या पायातली चप्पलही काढली आणि परत येऊन खुर्चीत बसला. बसल्यावर त्याने दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरले.

"तू जा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आज तुजं तोंड बगवत नाय. पॅनलवर काय असंल तं उद्या अडीचला सांग. येतो मी."

वहिनींनी मला चहा विचारला नाही. मी निघालो.

मेमो मी नंतर माझ्या नावावर करून घेतला. चार दिवस घरी बसवलं आणि वर्षभर प्रमोशनचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. बसमध्ये आता माझ्या शेजारची जागा रिकामी असते, तेही चालतं.

चालत नाही ते वेगळंच आहे. वरसेहून निघालो त्या दिवशी परतीच्या मेमूला दोन तास होते. रोहा स्टेशनच्या बाकावर मी बसून राहिलो. खिशात पाकीट होतं, बाहेर टपरी होती, कोणी बघत नव्हतं. पाकीट मी काढलं, परत ठेवलं, परत काढलं. पहिल्या तासात ओढली नाही. दुसऱ्या तासात ओढली. त्यानंतर किती वेळा सोडली आणि किती वेळा धरली ते सांगण्यात अर्थ नाही. तो रोज अडीचला येतो, चार्ज घेतो, चार बोटांच्या पायाने व्यवस्थित चालतो. आणि मी रोज घरी येताना एकच हिशेब करत बसतो. त्याच्या सोबतीला कोणी नव्हतं, तरी त्याने सोडली. माझ्या सोबतीला तो होता.